रुग्णालयांच्या यादीला जबाबदार कोण?

आरोग्य विमा घेताना माणूस हप्ता पाहतो आणि विम्याची रक्कम पाहतो. कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांची यादी तो जाता जाता चाळतो; घराजवळचे एखादे ओळखीचे नाव दिसले की निर्धास्त होतो. आजारपण आले की मात्र सगळी भिस्त त्या यादीवर येते. दहा लाखांची पॉलिसी हातात असलेल्या माणसाला दाखल होताना तीन लाख रोख भरायला सांगितले आणि ते त्याच्याकडे नसले, तर त्या घटकेला त्याला विमाच नाही. पैसे नंतर परत मिळतील हे खरे, पण उपचार नंतर करून चालत नाहीत. म्हणून माझे ठाम मत आहे की रुग्णालयांची यादी हा पॉलिसीचाच भाग मानला पाहिजे, तिच्यात मध्येच झालेल्या बदलाची झळ विमाधारकाला लागता कामा नये, आणि ती यादी पुरेशी आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी विमा नियामकाने स्वतःच्या अंगावर घेतली पाहिजे.

दिल्लीकरांनी ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नाचे चटके सोसले. ‘असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स (इंडिया)’ या खासगी रुग्णालयांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सदस्य रुग्णालयांना कळवले की १ सप्टेंबरपासून बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्सच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा, म्हणजे रोख न भरता उपचार घेण्याची सोय, थांबवा. केअर हेल्थ या दुसऱ्या कंपनीलाही तशीच नोटीस गेली. रुग्णालयांची तक्रार अशी होती की कंपन्या वर्षानुवर्षे दर वाढवून देत नाहीत, उलट कमी करायला सांगतात, बिलातून एकतर्फी कपात करतात आणि मंजुरीला उशीर लावतात. विमा कंपन्यांची संघटना असलेल्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलने याला कडाडून विरोध केला. त्याच महिन्यात निवा बुपा आणि मॅक्स रुग्णालये यांच्यातली दरांची बोलणी फिसकटली आणि तिथलीही कॅशलेस सोय बंद पडली. बजाजचा वाद महिनाअखेरीस चर्चा होऊन मिटला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी तिथे संपली.

पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्याच्या बायपासची तारीख ठरलेली होती, त्या माणसाचा विचार करून पाहा. त्याने हप्ता वेळेवर भरला होता. त्याच्याकडून कोणतीही अट मोडली गेली नव्हती. रुग्णालय आणि कंपनी यांच्या करारात तो सहीला नव्हता, बोलणीला तर नव्हताच. आणि तरी भांडणाची पूर्ण किंमत मोजण्याची वेळ त्याच्यावर येणार होती. दोन मोठ्या संस्था एकमेकींवर दबाव आणण्यासाठी ज्याच्या आजारपणाचा उपयोग करतात, त्याला कायद्याने संरक्षण दिलेच पाहिजे. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १ जुलै २०१० रोजी चार सरकारी विमा कंपन्यांनी, म्हणजे न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया यांनी, दिल्ली परिसर, मुंबई, चेन्नई आणि बंगळूर या चार महानगरांत कॅशलेससाठी नवी आणि बरीच आखूड यादी लागू केली. अपोलो, फोर्टिस, मॅक्स अशी मोठी नावे तिच्यातून गळाली. कंपन्यांचे म्हणणे होते की मोठी रुग्णालये विमा आहे म्हटल्यावर बिल फुगवतात आणि जमा होणाऱ्या हप्त्यांपेक्षा जास्त रक्कम दाव्यांत जाते. नेहमीच्या शस्त्रक्रियांचे ठरावीक दर जे मान्य करतील तेच यादीत राहतील, अशी भूमिका त्यांनी घेतली. भूमिका अन्यायाची नव्हती. अन्याय होता तो अंमलबजावणीत: ज्यांच्या पॉलिसी चालू होत्या, ज्यांनी जुनी यादी पाहून हप्ता भरला होता, त्यांच्या पायाखालूनही त्याच दिवशी यादी सरकली. मुंबईत हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. नवी दिल्ली स्टेशनातून सुटलेल्या गाडीचे नाशिकचे तिकीट काढावे आणि इटारसीला कळावे की गाडी आता नाशिकला थांबणार नाही, तसा तो प्रकार होता. २०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत पॉलिसी बदलल्या, नियमावल्या बदलल्या, हा दोष मात्र आहे तिथेच आहे.

हा दोष माणसाला कसा भोवतो ते पाहायला आता जरा दिल्लीच्या पहाडगंजात या. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांच्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. मेन बझारच्या हॉटेलांत महाराष्ट्रातून आलेले प्रवासी उतरतात, त्यांत तपासण्यांसाठी आलेले रुग्णही असतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई, म्हणजे सोने गाळण्याचे, व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत, तसे दिल्लीतही आहेत. असे धरा की त्यांच्यातला एक कारागीर मुलतानी ढांड्याच्या एखाद्या गल्लीत बायकामुलांसह राहतो. पॉलिसी त्याला विट्याच्या एजंटाने काढून दिली, पत्ता गावचा, हप्ताही गावच्या दराने. अनेक पॉलिसींमध्ये शहरांचे झोन पाडलेले असतात. स्वस्त झोनमध्ये पॉलिसी घेऊन दिल्ली-मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के हिस्सा स्वतः भरावा लागतो. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रात्री अकराला त्याच्या छातीत कळ येते. गल्लीत ई-रिक्षा आणि हातगाड्यांमधून रुग्णवाहिका आत येत नाही, त्याला उचलून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

जवळ काय आहे? लेडी हार्डिंग आहे, १९१६ पासूनचे. थोडे पुढे राममनोहर लोहिया आहे. दोन्ही सरकारी, दोन्ही गर्दीने ओसंडणारी, आणि खरे सांगायचे तर पहाडगंजच्या गरिबांना रात्रीबेरात्री हीच तारून नेतात. खासगी विम्याचा नकाशा त्यांच्या पलीकडे, करोल बाग, पुसा रोड, राजेंद्र नगरकडे सुरू होतो. तिथल्या कोणत्या दारात आपली पॉलिसी चालते हे त्या कारागिराच्या बायकोला रात्री अकराला, मोबाइलवर, इंग्रजी संकेतस्थळावर शोधायचे असते. यादी उघडते. पिन कोड ११००५५ टाकला की नावे येतात. त्यांत डोळ्यांचे केंद्र असते, प्रसूतिगृह असते, पाच-दहा खाटांचे नर्सिंग होम असते. हृदयविकाराचा झटका आलेल्याला आत्ता कुठे न्यायचे, कॅथ लॅब कुठे रात्रभर चालू असते, हे यादी सांगत नाही. ‘देशभरात दहा हजारांहून अधिक रुग्णालयांचे जाळे’ या जाहिरातीत मोतीबिंदूचे केंद्र आणि पाचशे खाटांचे रुग्णालय यांची मोजणी सारखीच होते.

कारागिराची बायको त्याला घेऊन कशीबशी एका रुग्णालयात पोहोचते. बिलिंगच्या शेजारी टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा, काउंटर असतो. तिथे पॉलिसीचे कार्ड, आधार आणि प्री-ऑथचा, म्हणजे पूर्वमंजुरीचा, फॉर्म द्यायचा, डॉक्टर निदान आणि अंदाजे खर्च लिहून देतात, तो कंपनीकडे जातो, मंजुरी येते किंवा क्वेरी येते. ‘नेटवर्कमध्ये होतो, पण सध्या तुमच्या कंपनीचं कॅशलेस बंद आहे’ हे वाक्य त्या काउंटरवर ऐकावे लागले, तर पुढचा प्रश्न एकच असतो, डिपॉझिट किती भरता? मग गावाकडे फोन, भिशीतले पैसे, मालकाकडून उचल, मंगळसूत्र. हाताने सोने गाळणाऱ्याच्या घरातले सोने असे जाते.

याहून वाईट गोष्ट एक आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. पॉलिसीच्या छापील अटींमध्ये प्रमाणित वगळणुकींची एक यादी असते. त्यातला अकराव्या क्रमांकाचा कोड ‘एक्सक्लुडेड प्रोव्हायडर्स’चा. कंपनीने जी रुग्णालये किंवा डॉक्टर वगळल्याचे आपल्या संकेतस्थळावर जाहीर केले आहे किंवा विमाधारकाला कळवले आहे, तिथला खर्च मिळणार नाही. कॅशलेस तर नाहीच, नंतर बिले जोडून मागितले तरी नाही. जीव धोक्यात असेल किंवा अपघात असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात, पूर्ण दावा नाही. लबाड रुग्णालयांना चाप लावण्यासाठी कंपनीला असा अधिकार असावा हे मला मान्य आहे; खोटे दावे करणाऱ्यांचा भार प्रामाणिक ग्राहकांच्या हप्त्यावरच पडतो. पण संकेतस्थळावर एक नाव वाढवले की माझा हक्क आटतो, आणि ते नाव का वाढवले, कोणी तपासले, रुग्णालयाला बाजू मांडता आली का, यातले मला काही कळत नाही, ही व्यवस्था मुळातच चुकीची आहे. पॉलिसी हा करार आहे. एका बाजूने परस्पर बदलता येणारा करार विमाधारकाच्या काय कामाचा?

विमा नियामक प्राधिकरणाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत खाटा अडून राहत होत्या, कारण बरे झालेल्या रुग्णांची बिले मंजूर व्हायला तासन् तास लागत होते. २८ एप्रिल २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की मंजुरी तीस ते साठ मिनिटांत द्या, आणि प्राधिकरणाने लगेच तसे परिपत्रक काढले. पुढे २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या एकत्रित परिपत्रकात हे कायमचे झाले: दाखल होतानाची कॅशलेस मंजुरी एका तासात, घरी सोडतानाची तीन तासांत, आणि तीन तासांच्या पुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने काही जादा आकारले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात उशिराची किंमत उशीर करणाऱ्यावर टाकलेली आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केले. यादीत नसलेल्या, किमान १५ खाटांच्या नोंदणीकृत रुग्णालयातही कॅशलेस मागता येते, ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवायचे, तातडीत ४८ तासांच्या आत. कागदावर हे पाहिले की वाटते, प्रश्न सुटला. पण रुग्णालयाने नको म्हटले तर? दरच ठरलेले नसतील तर ते नको म्हणणारच. सक्ती कोणावरही नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेच दिसले.

नियामकाने घड्याळ लावले, हे उत्तम केले. नकाशाकडे मात्र त्याने अजून पाहिलेले नाही. उलट जुलै २०२२ मध्ये करारासाठी रुग्णालये निवडण्याचे निकष ठरवण्याची मोकळीक विमा कंपन्यांच्या संचालक मंडळांना दिली गेली. जास्त रुग्णालये जोडली जावीत हा हेतू चांगला होता. पण कोणत्या भागात, कोणत्या आजारासाठी, किती अंतरावर किमान एक तरी रुग्णालय हवेच, असा दंडक त्याच्यासोबत आला नाही.

विमा कंपन्यांची बाजू मी पुन्हा मांडतो, कारण ती कमकुवत नाही. प्रत्येक रुग्णालयाला यादीत घ्याच अशी सक्ती केली तर कंपनीच्या हातात दर कमी करून घेण्याचे काही साधनच उरणार नाही. यादीतून वगळण्याची भीती हीच तिची ताकद, आणि जिथे सरकार रुग्णालयांच्या दरांना हात लावत नाही तिथे हप्ते आवाक्यात ठेवणारी ती जवळजवळ एकमेव ताकद आहे. प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये कंपन्यांनी २.६९ कोटी आरोग्य दावे निकाली काढले आणि ८३,४९३ कोटी रुपये दिले. एवढ्या पैशावर कोणीतरी घासाघीस करायलाच हवी. म्हणून मी सगळ्या रुग्णालयांची मागणी करत नाही. यादी छोटी असू दे, स्वस्त पॉलिसीची तर असूच दे. पण ती पुरेशी असली पाहिजे, खरी असली पाहिजे आणि वर्षभर टिकली पाहिजे. यातली एकही अट कंपनीची घासाघीस थांबवत नाही. घासाघीस नूतनीकरणाच्या आधी करा, एवढेच ती सांगते.

अमेरिकेची आरोग्य व्यवस्था आपण उचलावी असे मला वाटत नाही, पण या एका बाबतीत तिथल्या कायद्यांकडून शिकण्यासारखे आहे. न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्या मराठी घरांत ‘इन-नेटवर्क’ हा शब्द एव्हाना रोजचा झाला आहे. कॅलिफोर्नियात योजनेचे रुग्णालय सदस्याच्या घरापासून १५ मैल किंवा ३० मिनिटांत असावे असा नियम आहे, आणि विशेषज्ञाची भेट १५ कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे असाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या संघीय कायद्यानुसार गंभीर आजारावर उपचार चालू असताना किंवा गरोदरपणात रुग्णालय यादीतून बाहेर पडले, तर ९० दिवसांपर्यंत जुन्याच अटींवर उपचार चालू ठेवावे लागतात. दिल्लीतल्या सप्टेंबरच्या त्या बायपासच्या रुग्णाला नेमके हेच हवे होते. नुसता नियम करूनही भागत नाही, हेही तिथूनच शिकावे. २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीच्या कर्मचाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या याद्यांतली १२० नावे निवडून स्वतः फोन केले. भेटीची वेळ मिळाली फक्त १८ टक्के ठिकाणी. बाकी याद्यांत नावे होती, डॉक्टर नव्हते. यादी तपासायची तर फोन लावूनच तपासावी लागते.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. विमा प्राधिकरणाचा अधिकार विमा कंपन्यांवर चालतो, रुग्णालयांवर नाही. आरोग्य राज्यांच्या अखत्यारीत. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा दिल्लीने स्वीकारलेला नाही, तिथे अजून १९५३ चा नर्सिंग होम कायदा आहे. महाराष्ट्रानेही केंद्राचा कायदा स्वीकारलेला नाही, आपल्याकडे १९४९ चा कायदा आहे, जरी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावण्याची तरतूद आली. रुग्णालयांच्या दरांची निश्चिती का होत नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला चांगलेच सुनावले होते. दर कोणी ठरवायचे हे जोवर ठरत नाही तोवर दरांवरून भांडणे होणारच. सरकारी योजनाही यातून सुटलेल्या नाहीत: ७ ऑगस्ट २०२५ पासून हरियाणातल्या शेकडो खासगी रुग्णालयांनी थकबाकीचे कारण देऊन आयुष्मान भारतच्या रुग्णांना घेणे थांबवले होते, आणि गुरुग्राम-फरिदाबाद दिल्लीच्याच महानगर परिसरात येतात. तिथला रुग्ण तर डिपॉझिट भरू शकणाराही नव्हता.

तरीही विमा प्राधिकरणाला आजच्या अधिकारात बरेच करता येईल. वर्षाच्या मध्ये करार तुटला तर त्या दिवशी चालू असलेल्या प्रत्येक पॉलिसीला नूतनीकरणापर्यंत तिथे जुन्या दराने कॅशलेस मिळेल, ही अट कंपनी आणि रुग्णालय यांच्या करारातच घालायला लावता येईल. करार कंपनीचा असल्यामुळे रुग्णालयही आपोआप बांधले जाईल. बोलणी फिसकटण्याच्या बेतात असतील तर ९० दिवस आधी विमाधारकाला त्याच्या भाषेत कळवणे बंधनकारक करता येईल. हृदयविकार, पक्षाघात, अपघात, प्रसूती आणि नवजात अर्भक यांसाठी पिन कोडनिहाय कमाल अंतर ठरवता येईल, आणि जिथे कंपनीकडे तेवढे जाळे नाही तिथे तातडीच्या वेळी कोणत्याही रुग्णालयाचा खर्च पूर्ण द्यावा लागेल असे सांगता येईल. वगळलेल्या रुग्णालयांची यादी तारीख आणि कारणासह छापायला लावता येईल, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर वाढवलेले नाव त्या वर्षापुरते लागू होणार नाही असा साधा नियम करता येईल. विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी जातात, पण त्या दावे, हप्ते आणि पॉलिसीच्या सेवेबाबतच्या. अपुऱ्या यादीची तक्रार आज कोणाकडे करायची, याचे उत्तर कोणाकडे नाही.

हे होईपर्यंत आपण काय करायचे? दिल्लीतल्या मराठी मंडळांना माझी एक विनंती आहे. पहाडगंजच्या आसपास तुमचे सभासद ज्या चार-पाच कंपन्यांच्या पॉलिसी बाळगून आहेत, त्यांच्या याद्या उतरवून घ्या आणि रविवारी सकाळी दहा जणांनी बसून प्रत्येक रुग्णालयाला फोन लावा: आमच्या कंपनीचे कॅशलेस आज चालू आहे का, रात्री हृदयविकाराचा रुग्ण घेता का, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का. जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहा आणि भिंतीवर लावा. एक प्रत विमा प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार म्हणून टाका, एक आपल्या खासदाराला द्या. पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथे जिथे आपली मंडळे आहेत तिथे हे करता येईल. आणि तुमची स्वतःची पॉलिसी पुढच्या महिन्यात नूतनीकरणाला येत असेल, तर हप्ता भरण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा की घरापासून पाच किलोमीटरच्या आतली तुमची कोणती रुग्णालये वर्षभर यादीत राहतील. लेखी उत्तर आल्याशिवाय हप्ता भरू नका; मात्र मुदत उलटू देऊ नका, कारण पॉलिसी खंडित झाली तर नुकसान तुमचेच आहे.